रोस्विताची पहिली बिअर

जर्मनीतल्या बामबर्गच्या बसथांब्यावर माझ्यापुढे शेजारची रोस्विता मैत्रिणीशी बोलत होती.

“अगं, मी घरी बनवलेली पहिली बिअर फुटली!”

“फुटली म्हणजे?”

“बाटल्यांत फेसासाठी घालायची साखर जास्त पडली. तळघरात धडाधड बार! मी घाबरतेय काय, हसतेय काय!”

“आणि तुझा नवरा?”

“आल्फॉन्स? त्याचा बिअरचा कारखाना बंद पडल्यापासून खुर्चीतून हलत नव्हता. बिअरचं नावही काढू द्यायचा नाही. काल मात्र धावत खाली आला.”

“चिडला असेल!”

“भिंतीवरचा फेस बोटावर घेऊन चाटला!”

“शी! मग?”

“म्हणाला, ‘चव जमलीय, रोस्वी. पुढच्या वेळी साखर मी घालणार. चल, पातेलं घासायला घे.’”

“आणि तू घासलंस?”

“घासलं म्हणजे? नाचत नाचत घासलं!”