एका शब्दात सांगा, ऊर्मिलाताई!

वांगं सोडायला काय झालं होतं हो मला? चातुर्मासात सगळ्या बायका वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात, कोणी गोड सोडतं, आणि मी नवस काय बोलले, तर बाप्पा, माझ्या लेकीला, ओवीला, इथल्या जर्मन गिम्नाझियममध्ये, म्हणजे हुशार पोरांच्या शाळेत, जागा मिळू दे, चातुर्मासाचे चार महिने खोटं बोलणार नाही! जागा मिळाली. म्हणजे बाप्पा सुटला आणि मी अडकले. तुम्हाला सांगते, वांग्यावाचून माणूस जन्म काढेल, पण खोटं न बोलता साधा जिना चढता येत नाही! जिन्यात शेजारच्या फ्राउ, म्हणजे जर्मन बाई, भेटल्या, त्यांनी जावयाचा फोटो दाखवला, "छान आहे, या?" 'या' म्हणजे इथलं 'हो ना'. आता काय सांगू? मी म्हटलं, "फ्रेम फार सुंदर आहे." असं चाललं होतं माझं, फ्रेमवर निभावत होते...

आणि नेमकं ह्याच वर्षी मंडळाचं पत्रक माझ्या गळ्यात पडलं! जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या मराठी मंडळाचं 'खिडकी' नावाचं पत्रक निघतं. त्यात आजवर एकच वाक्य यायचं, "कार्यक्रम उत्साहात पार पडला." मंगळागौर उत्साहात, सहल उत्साहात, सहलीची बस चुकली तीसुद्धा उत्साहातच चुकली असणार. ते लिहिणारी मैत्रेयी बर्लिनला गेली, आणि मंडळाचे सेक्रेटरी, म्हणजे आमचेच हे, कमिटीत म्हणाले, "आमची ही लिहील की, घरीच असते." घरीच असते! बरं बाई, घेतलं मी. बातमी म्हणजे घडलं ते लिहायचं, त्यात काय एवढं... आणि माझा तर चातुर्मास!

मग गणपती आले. आमचा गणपती इथल्या एका गाण्याच्या फेराइनच्या हॉलमध्ये बसतो, म्हणजे ही हौशी मंडळी आहेत, आठवड्यातून एकदा जमून गातात, संस्था त्यांची, हॉलही त्यांचाच. तो हॉल सांभाळणारे हाउसमाइस्टर म्हणजे हेर एबर्ले, इथे हेर म्हणजे श्रीयुत हो. कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा, की माणूस एका बाजूला कललेलाच. आदल्या दिवशी आमच्या ह्यांना त्यांनी छताकडे बोट करकरून बजावलं, की तो धुराचा अलार्म आहे, त्याच्याखाली काही पेटवायचं नाही, फर्बोटन! तिकडे खिडकीपाशी बसवा तुमचा देव. हे म्हणाले, "या या, गेनाऊ, गेनाऊ!" म्हणजे हो हो, अगदी बरोबर! ह्यांचं जर्मन एवढंच हो, पण आत्मविश्वास बघा. आणि एबर्ले वळल्याबरोबर मखर कुठे? बरोब्बर अलार्मखाली! का? तर तिथे फोटो छान येतात.

आरती रंगात आली, ह्यांनी ताटात कापराचा डोंगर पेटवला, आणि अलार्म असा काही किंचाळायला लागला की पहिल्यांदा लोकांना वाटलं ताशाच आहे, दोघेतिघे नाचलेसुद्धा! मग आले फायर ब्रिगेडवाले. हेल्मेटं, टॉर्च, हे एवढाले बूट. दारात चपलांचा ढीग बघून त्यातल्या एकाने बिचाऱ्याने बूट काढले! एबर्लेंनी "खिडक्या उघडा!" म्हणून ओरडत धावत जाऊन खिडक्या उघडल्या, हातांनी धूर बाहेर घालवला, अलार्म बंद केला, आणि म्हणाले, "आल्झो, आता पूर्ण करा तुमचं गाणं." आम्ही आरती पूर्ण केली, ते टोपी काढून उभे राहिले, फायर ब्रिगेडवाल्यांनी मोदक खाल्ले, एकाने तर विचारलं, आतलं सारण काय आहे? झालं. संपलं. एवढीच बातमी!

पण कोणीतरी काढलेला छोटासा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आला. त्यात काय दिसतं? हेल्मेटवाले घुसतात, आरती थांबते, आणि एबर्ले हात उडवतायत. ते धूर घालवतायत हो! पण धूर व्हिडिओत दिसत नाही ना, तिथे वाटतं बाप्पालाच हाकलतायत. ग्रुपवरून तो गेला कोणाच्या आत्तेभावाकडे, तिथून एका चॅनेलवर. चॅनेलचं नाव मी सांगणार नाही. न सांगणं म्हणजे खोटं नव्हे, गुरुजींना फोन करून विचारून घेतलंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर ही मोठी अक्षरं! "जर्मनीत बाप्पाची आरती बंद पाडली! कोण आहे हा एबर्ले?" आणि त्यांच्या तोंडाभोवती लाल गोल. तो गोल बघून पुण्याहून माझ्या सासूबाईंचा फोन, "अगं, असल्या गुंडाच्या हॉलमध्ये जाता तुम्ही?" मी म्हटलं, "अहो आई, त्यांना मधुमेह आहे, तरी मोदकाचा आग्रह मोडला नाही त्यांनी!"

मग त्या फेराइनला मेल सुरू झाले. शेकड्यांनी! मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून. एबर्लेंनी फोनवर भाषांतर करून बघितलं आणि आमच्या ओवीला विचारलं, "माझ्या सात पिढ्यांबद्दल हे लोक एवढी चौकशी का करतायत?" पोरगी घरी येऊन माझ्यावरच ओरडली, "मम्मा, दास श्टिम्ट दोख गार निष्ट!" म्हणजे हे मुळी खरंच नाही! आता मला का सांगतेस? मला माहितीये! पण फेराइनवाले घाबरले. एबर्लेंना म्हणाले, शुक्रवारी बैठक घेऊ, तोवर किल्ल्या इथे ठेवा. तुम्हाला सांगते, मी त्यांना हॉलबाहेर बघितलं, किल्ल्यांशिवाय. पहिल्यांदाच सरळ उभे होते, आणि ते बघवेना हो. नोकरीच जायची वेळ आली माणसाची, आणि कशापायी? आमच्या फोटोपायी!

मी ठरवलं, 'खिडकी'त सगळं लिहायचं. कापूर कोणी लावला, कुठे लावला, कोण नको म्हणालं होतं. ह्यांना म्हटलं, "अहो, तुमचं नाव येणार." हे म्हणाले, "नाव कशाला? 'एका कार्यकर्त्याने' लिही." मी म्हटलं, "सगळे म्हणतील, ताटाशेजारी उभे होते त्या गुरुदत्त भावोजींनी लावला." "म्हणू देत की!" म्हणू देत काय? माझा चातुर्मास!

हे कमिटीत कळलं मात्र, आणि सरिता वहिनींचा मेसेज, "ह्या वर्षी हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं, याचा फेरविचार चालू आहे." मग एक निनावी फोन. नंबर दिसत नाही, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "बातमी मागे घ्या... नाहीतर परिणाम वाईट होतील..." मी म्हटलं, "गुरुदत्त भावोजी, सर्दी झालीय का तुम्हाला?" "हो ना वहिनी, डोकं असं धरलंय..." मी म्हटलं, "हळद घालून दूध घ्या." म्हणाले, "घेतो. पण धमकी लक्षात ठेवा हं." मंडळाचे अध्यक्ष हो ते!

मी चॅनेलच्या व्हिडिओखालीसुद्धा खरं काय ते लिहिलं. त्यावर लोकांची उत्तरं! एकाने लिहिलं, "बाप्पाची वैरीण!" मी, जी संकष्टीला चंद्र ढगाआड गेला तर पुण्याचा चंद्र व्हिडिओ कॉलवर बघून जेवते! दुसरा म्हणाला, "चालती हो जर्मनीला!" अहो, मी तिथेच आहे! आणखी कुठे जाऊ?

पण एकाने ओवीच्या शाळेचं नाव लिहिलं. जागा मिळाली म्हणून मीच आनंदाने शाळेचा फोटो फेसबुकवर टाकला होता ना... तिथे मात्र मला हसू आलं नाही. ह्यांनी पोलिसांत कळवलं, त्या दिवसापासून ओवीला शाळेत सोडायला स्वतः जायला लागले, आणि घरात एकदम शांत झाले. मला एकच वाटत होतं, जे खरे पत्रकार आहेत, पुलाचं, धरणाचं, साहेबांच्या जमिनीचं लिहितात, त्यांना हे रोज येतं? आणि ती माणसं सकाळी चहा पिऊन पुन्हा लिहायला बसतात? त्यांच्यासाठी तेव्हापासून मी देवापुढे एक वात जास्त लावते. नावं माहीत नाहीत, पण बाप्पाला असतील.

आणि मग चॅनेलवाल्यांनीच मला बोलावलं! चर्चेला! म्हटलं, देवच पावला, आता शुक्रवारच्या आत सगळं नीट सांगते. काठापदराची साडी नेसले, लॅपटॉप देवघरासमोर मांडला. पडद्यावर सहा खिडक्या, सहाच्या सहा जण एकदम बोलतायत, आणि मधोमध क्षितिज नावाचा तो अँकर, माझ्या भाच्याएवढा असेल, गळ्याच्या शिरा अशा ताणलेल्या! "ऊर्मिलाताई, एका शब्दात सांगा! गणवेशातली माणसं आत घुसली, हो की नाही?"

"हो, पण ती फायर ब्रिगेड..."

"हो म्हणाल्या! आरती थांबली, हो की नाही?"

"थांबली, पण मग..."

"थांबली म्हणाल्या! एबर्ले ओरडला, हो की नाही?"

आता मी काय करू? ओरडले होते! "ओरडले, पण खिडकी उघडा म्हणून..."

"ऐकलंत? ऐकलंत महाराष्ट्रा? प्रत्यक्षदर्शी भगिनीने सगळं मान्य केलं!"

अहो, काय मान्य केलं मी? एक अक्षर खोटं बोलले नाही, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं तयार झालं! कसलं यंत्र आहे हो ते? एका बाजूने गहू घाला, दुसऱ्या बाजूने भुसा येतो! मी हात जोडून म्हणते, "बाळा, एक वाक्य पूर्ण करू दे," आणि तो म्हणतोय, "ताईंना अश्रू अनावर झालेत!" अश्रू कुठले? समोर धूप लावला होता!

तेवढ्यात काय झालं असेल? आमचे हे आतल्या खोलीत ऐकत होते, ते उठले आणि तसेच, बनियनवर, कॅमेऱ्यासमोर! "ए, तिला बोलू दे! कापूर मी लावला! अलार्मखाली! तो माणूस नको म्हणाला होता, तरी मी लावला! फोटोसाठी!" तुम्हाला सांगते, बावीस वर्षांच्या संसारात एवढे देखणे कधी दिसले नव्हते. मला वाटलं, आता क्षितिज म्हणेल, माफ करा, आमचं चुकलं. तो म्हणाला, "ब्रेक घेऊया." आणि ब्रेकनंतर? "बाप्पाला धुरात कोंडणारा घरातलाच!" लाल गोल एबर्लेंच्या तोंडावरून उचलला आणि ह्यांच्या बनियनवर ठेवला. सासूबाईंचा पुन्हा फोन, "अगं, इस्त्रीचे शर्ट संपले का घरातले?"

पण 'खिडकी' निघाली. ओवीने तिचं जर्मन केलं, आणि शुक्रवारी ह्यांनी फेराइनपुढे उभं राहून ते मोठ्याने वाचून दाखवलं, कान लाल करून. किल्ल्या परत मिळाल्या! एबर्लेंनी जुडगा कमरेला अडकवला, पुन्हा एका बाजूला कलले, माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता आभार मानतील. तर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "फ्राउ ऊर्मिला, इथे एक चूक छापलीय. तुम्ही लिहिलंय, 'एबर्ले यांनी प्रेमाने सुचवले होते.' मी प्रेमाने सुचवलेलं नाही. मी ओरडलो होतो. दुरुस्ती छापा."

म्हणजे बघा! चॅनेलपुढे मोडला नाही, निनावी फोनपुढे मोडला नाही, आणि नेम मोडला कुठे? तर एका चांगल्या माणसाला थोडं आणखी चांगलं करून लिहिलं, तिथे! दुरुस्ती छापली. गुरुजी म्हणतात, पुढच्या आषाढीपासून परत पहिल्यापासून धरा. धरीन, काय करता! चॅनेलने दुरुस्ती दाखवली का, म्हणून विचारताय? रोज बघते हो, आज ना उद्या दाखवतील, माणसंच आहेत ती पण.

तर माझी एक विनंती आहे. तुम्हीही धरा काहीतरी. चार महिने नको, पूर्ण खरं तर मलाही नाही झेपलं. वांगं खुशाल खा. फक्त पुढचा कुठलाही व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी, त्यातल्या एखाद्या माणसाला विचारा, "काय झालं होतं हो?" आणि त्याने तोंड उघडलं, की त्याचं एक वाक्य, एकच, अगदी पूर्णविरामापर्यंत ऐकून घ्या... बघा, जमलं तर.