मागच्या सीटवरचा आरोपी

(चेन्नईतलं एग्मोर. कोर्टाचा व्हरांडा, सकाळची वेळ. बाकावर चौऱ्याहत्तर वर्षांचे भीमसेनराव, तंजावरकडचे मराठी, आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारा नाशिकचा देवेश.)

देवेश : तसं नाही काका. पुन्हा एकदा म्हणून दाखवा.

भीमसेनराव : किती वेळां म्हणूं रे? शाळेंत पाढे म्हटल्यासारखें झालें.

देवेश : शेवटचं. "मला माहीत नव्हतं..."

भीमसेनराव : "मला माहीत नव्हतें ह्यानें दारू प्यालेली. मी विचारलें, तो नाहीं म्हणाला. म्हणून स्कूटरवर मागें बसलों."

देवेश : बस, एवढंच. नारायणस्वामी वकील तमिळमध्ये सांगतील, तुम्ही नुसती मान हलवायची.

भीमसेनराव : तूं कधीं नाहीं म्हणालास?

देवेश : काका, प्लीज.

भीमसेनराव : आणि मी कधीं विचारलें?

देवेश : नाही विचारलंत. पण विचारलंत असं म्हणायचंय. इथं मागे बसणाराही अडकतो. आपण शुद्धीत असून प्यायलेल्याला गाडी चालवू दिली, हाच गुन्हा.

भीमसेनराव : बरोबर आहे कीं. कायदा कुणीतरी शहाण्यानें केलेला दिसतो.

देवेश : कायद्याचं कौतुक घरी गेल्यावर करू.

भीमसेनराव : मी हें असें बोललों, तर तुझें काय होईल?

देवेश : माझं व्हायचं ते होणारच आहे. दहा हजार दंड, लायसन्स काही महिने बंद. बसने जाईन कामाला.

भीमसेनराव : वकील मला वेगळें बोलला. म्हाताऱ्याला फसवून बसवलें, असें ऐकलें कीं जज्ज तापेल. दंडावर सुटायचा तो आंत जाईल. सहा महिने घालतां येतें म्हणे.

देवेश : पहिल्या खेपेला सहसा कोणी आत घालत नाही.

भीमसेनराव : घालूं शकतो कीं नाहीं, तें सांग.

देवेश : शकतो.

भीमसेनराव : आईला कळवलेंस?

देवेश : नाही. तिला वाटतंय मी आज कंपनीत आहे. तुमचा फोन वाजतोय बघा. रंजनीताई.

भीमसेनराव : तूंच उचल. त्या स्पीकरवर घाल, मला नीट ऐकूं येत नाहीं.

रंजनी : अप्पा, आंत बोलावलें का?

भीमसेनराव : अजून नाहीं. बसलोंय.

रंजनी : लिसन. वकिलानें सांगितलें तेवढेंच बोला. एक्स्ट्रा एक शब्द नको. आणि त्या मुलाला माडी खालीं करायला सांगितलें का?

भीमसेनराव : तो शेजारींच आहे.

रंजनी : फाइन, ऐकूं दे त्याला. अप्पा, तुमच्यावर केस लागली ना, तर मी तुम्हांला तिथें ठेवणार नाहीं. घर लॉक, आणि सरळ बेंगळूर. सीरियसली सांगतें.

भीमसेनराव : सरी, सरी. कन्ना, बाळा, कांहीं खाल्लेंस का?

रंजनी : अप्पा! माझी मीटिंग आहे. झालें कीं मेसेज करा. बाय.

भीमसेनराव : ठेवला?

देवेश : ठेवला. ताईंचं चुकत नाही, काका. मी एक तारखेला जातो. कंपनीतल्या एकाच्या पीजीत जागा आहे, लांब आहे जरा.

भीमसेनराव : तिथें मराठी बोलणारें कोण?

देवेश : कोणी नाही. पण इथं तरी आपण असं काय बोलायचो? जिन्यात भेटलो की "काय काका, बरं आहे ना?" एवढंच.

भीमसेनराव : माझें दिवसभराचें मराठी तेवढेंच रे. माझी बायको सुंदरी गेल्यापासून घरांत अस्कें तमिळ, सगळेंच. कामवाली तमिळ, टीव्ही तमिळ. रंजनीचें तूं ऐकलेंसच. मी संध्याकाळीं जिन्याशीं चपला नीट करीत बसतों, ठाऊक आहे ना? चार चपला आहेत घरांत. किती नीट करणार?

देवेश : मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवताय.

भीमसेनराव : तें पण ठेवीत होतों.

देवेश : म्हणजे त्या दिवशी तुम्ही ओळखलं होतंत. वास आला ना तुम्हाला?

भीमसेनराव : वास कशाला हवा? तूं माझ्या डोक्यावर राहतोस. तो शुक्रवार होता. शुक्रवारीं बाटली फरशीवर ठेवतोस, ती खालीं माझ्या देव्हाऱ्यांत ऐकूं येते. मग ग्लास. एकच वाजतो. इतक्या दिवसांत दुसरा ग्लास कधीं वाजला नाहीं.

देवेश : मग सांगितलं का नाहीत काही?

भीमसेनराव : काय सांगूं? दुसरा ग्लास आण म्हणून सांगूं?

देवेश : काका, मी फोनवर तुम्हाला म्हटलं होतं, कॅब बुक करतो. तुम्ही म्हणालात, गाण्याच्या सभेपाशी काही मिळत नाही, तूच ये. मी आलो तर दारात ऑटोंची रांग लागलेली.

भीमसेनराव : होती कीं.

देवेश : मग?

भीमसेनराव : गाणें संपलें. पायरीवर उभा राहिलों. एकेकाला न्यायला कोण ना कोण येत होतें. कुणाचा मुलगा, कुणाची सून. वीस वर्षें मी आणि सुंदरी त्याच पायरीवरून हातांत हात घालून उतरलों, तेव्हां ऑटोच करायचों, तेव्हां कांहीं वाटलें नाहीं. त्या दिवशीं वाटलें, आपल्यालाहि कुणी न्यायला यावें. म्हणून खोटें बोललों.

देवेश : फोन आला तेव्हा माझी दुसरी बाटली चालू होती. वाढदिवस होता माझा.

भीमसेनराव : अय्यो. सांगायचेंस कीं रे! पायसम केलें असतें. येत नाहीं मला, पण केलें असतें.

देवेश : सकाळी आईचा फोन, दुपारी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज, बस. मग तुम्ही म्हणालात, "देवेशा, न्यायला येतोस?" आपण प्यायलोय, हे डोक्यातच राहिलं नाही. कोणीतरी बोलावलंय, एवढंच कळलं.

भीमसेनराव : तूं आलास तो माझ्यासाठीं दुसरें हेल्मेट घेऊन. उतरतांना पाय अडखळला तुझा. तेव्हांच चावी काढून घ्यायला हवी होती. कळत होतें मला. पण आमची अम्मा सांगायची, न्यायला आलेल्याला रिकामा परत धाडूं नये. आणि वाटलें, आज नको म्हटलें तर हा पुन्हां येणार नाहीं.

देवेश : पोलिसांनी अडवलं तर किती राग आला होता मला. आता वाटतं, बरं झालं. त्याआधी त्या वळणावर ती बाई होती ना...

भीमसेनराव : कडेवर पोर होतें तिच्या. तिची फुलांची परडी पडली.

देवेश : मी ब्रेक उशिरा मारला. हातभर अंतर राहिलं असेल.

भीमसेनराव : डोळे मिटले कीं ती परडी दिसते. म्हणून सांगतों, मी तें पाठ केलेलें बोलणार नाहीं.

देवेश : काका, ऐका. तुमच्यावर ठपका आला तर ताई तुम्हाला घेऊन जातील. घर जाईल तुमचं. मैलापूर सुटेल.

भीमसेनराव : येऊं दे. त्या निमित्तानें न्यायला तरी येईल.

देवेश : असं नका बोलू.

भीमसेनराव : भीति वाटते रे मला. बेंगळूरला तिच्या घरीं दिवसभर कोण असतें? पण इथें उभें राहून तुला लबाड ठरवायचें, आणि मग घरीं जाऊन डोक्यावरचा आवाज ऐकत बसायचें? तोहि बंद झालेला असेल. तें नको.

देवेश : बाटली मी बंद केलीय. त्या दिवसापासून.

भीमसेनराव : ठाऊक आहे. खालीं ऐकूं येतें ना.

शिपाई : देवेश! देवेश यारु? कूड वंदवर यारु?

देवेश : मी! काका, पुढचं काय विचारतोय तो?

भीमसेनराव : सोबत कोण होतें, विचारतोय.

देवेश : कोणी नाही म्हणून सांगा. तुम्ही बसा इथंच. मी बघतो काय व्हायचं ते.

भीमसेनराव : नान दान, सार. नान दान.

देवेश : काका? काय सांगितलंत त्याला?

भीमसेनराव : सोबत मी होतों, म्हटलें. ऊठ. शर्टाचें वरचें बटण लाव.