दुसऱ्या अंकातली शांतता

लंडनच्या दाट धुक्यात नाट्यगृहाबाहेर वरच्या गॅलरीच्या स्वस्त तिकिटांची रांग तरंगल्यासारखी उभी होती. आपल्या नाटकाबद्दल लोक काय बोलतात ते ऐकायला नाटककार डेन्झिल तोंड लपवून रांगेतच उभा होता. पुढे दोघी म्हाताऱ्या.

"सातव्यांदा, विनी? पेपरवाले म्हणतात, नाटकात माणसं नुसती गप्प बसतात."

"बसू देत की! दुसऱ्या अंकात तो म्हातारा बायकोला म्हणतो, 'चहा झाकून ठेव, आलोच.' बॉम्ब पडले त्या दिवशी आमचे हेही अस्संच म्हणून गेले."

"अगं बाई!"

"मग तो कितीतरी वेळ गप्प राहतो, मॉड. तेवढ्यात मी मनातल्या मनात ह्यांच्याशी बोलून घेते."

पेपरवाल्यांना भिऊन डेन्झिलनं ती शांतता सकाळीच छाटली होती. तो मागच्या दारानं रंगपटात धावला.

"दुसऱ्या अंकातली ती शांतता परत नाटकात घ्या."

"किती वेळ?" म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटानं विचारलं.

"वर बसलेल्या बाईचं बोलणं संपेपर्यंत."