नावाडणीचा होकार

ती: …आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशिनी बंद करून. अख्खी लाइन उभी राहून टाळ्या वाजवतेय आणि मी मधोमध, हातात बाह्यांचा गठ्ठा घेऊन. कशाबद्दल, ते एकट्या मलाच ठाऊक नाही.

तो: आधी बस तरी. पाणी घे.

ती: पाणी नको. मॅनेजरबाई म्हणाल्या, "अभिनंदन! नव्या कारखान्यावर लाइन लावायला दोन वर्षं जायला तयार झालात म्हणे." मी म्हटलं, कधी? त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी लाजतेय. म्हणाल्या, "अहो, दुपारी मोठ्या ऑफिसाचं तुमच्याशीच बोलणं झालं ना फोनवर!"

तो: हो.

ती: माझा फोन दिवसभर इथे होता. सकाळी घाईत चार्जरलाच राहिला.

तो: हो.

ती: हो हो काय लावलंयस? दुपारी घरात कोण होतं?

तो: मी होतो. आज पाळी उशिराची आहे. आणि आई.

ती: आईंना माझा फोन उचलता येत नाही.

आई: (आतल्या खोलीतून, काठी टेकत येत) येतो! दुसऱ्याचा असतो म्हणून उचलत नाही.

तो: आई, तू पड ना जरा.

आई: पडून काय करू? सगळं ऐकू येतंच आहे. आणि काय गं, तू आत्ता आलीस? मग दुपारी कोण आलं होतं?

ती: दुपारी मी कारखान्यात होते, आई.

आई: अगं, मी तुझा आवाज ऐकला. "येते मी, नक्की येते," असं म्हणालीस. मला वाटलं, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलीस. हाक मारली तर कुणी ओ देईना.

ती: …तू? तू बोललास?

तो: ऐकून घे आधी.

ती: माझ्या नावाने? माझा आवाज काढून?

तो: आवाज काढला नाही. माझा आहेच तसा, तुला माहितीये. लिफ्ट अडकली म्हणून लोक फोन करतात आणि मला म्हणतात, "मॅडम, जरा मेकॅनिकला द्या." मी म्हणतो, मॅडम नाही, मेकॅनिकच बोलतोय. दिवसातून कितीदा म्हणतो. आज नाही म्हटलं.

आई: लहानपणी याचे वडील याला फोन घेऊच द्यायचे नाहीत. म्हणायचे, लोकांना वाटेल घरात मुलगीच आहे. हा दाराआड जाऊन रडायचा.

तो: आई, ते आत्ता कशाला?

ती: आज का नाही म्हटलंस?

तो: तालीम करत होतो.

ती: कसली तालीम?

तो: रविवारच्या खेळाची.

ती: चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या माडीत बसून खेळता, तो? गोष्टीचा?

तो: तोच. चष्मेवाला गोष्ट पुढे नेतो आणि आम्ही एकेक जण त्यातलं माणूस होतो. मनगटाला रुमाल बांधला की आपण ते माणूस. मग जे तोंडातून गेलं ते गेलं, मागे घेता येत नाही. तेवढा एकच नियम आहे आमचा.

ती: माहितीये. तू कोण असतोस ते कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, असशील कुणीतरी सरदार-बिरदार.

तो: नावाडीण.

ती: काय?

तो: नावाडीण. होडी चालवते. नदीच्या काठी घर आहे तिचं. वर्ष झालं, मी तीच असतो.

आई: बाई होतोस तू तिथे?

तो: हो.

आई: चार पुरुषांत बसून?

तो: हो, आई. आणि कुणी हसत नाही. सुरुवातीला हसले, मग नावाडणीने एकाला होडीतून उतरवलं. तेव्हापासून नाही हसले. हा आवाज घेऊन मी एवढा मोठा झालो, आणि पहिल्यांदा तो कुठेतरी बरोबर बसला.

ती: हे मला सांगायला काय झालं होतं?

तो: तूही हसशील, असं वाटलं.

ती: आज हसू? सांग ना, हसू? सगळ्या कारखान्यापुढे तोंडघशी पाडलंस मला, आणि वर म्हणे नावाडीण!

तो: गेल्या रविवारचं सांगतो. ते ऐक, मग काय बोलायचं ते बोल. नावाडणीला निरोप आला. दूर समुद्रावरच्या मोठ्या गलबतावर तिला बोलावलंय. सुकाणूवर. चष्मेवाला तिचा नवरा झाला आणि तिला अडवायला लागला. म्हणाला, "आईचं कोण बघणार? माझ्या पाळ्या अशा वेड्यावाकड्या. इथे काय कमी आहे तुला? दोन वर्षं म्हणजे चेष्टा आहे का?"

ती: ही तर तुझी वाक्यं आहेत.

तो: माझीच. चहा पिताना मीच त्याच्याजवळ बोललो होतो, त्याने उचलून गोष्टीत घातली. आणि ती माझ्याच अंगावर आली. मी रुमाल बांधून बसलोय, समोर तो शांतपणे, अगदी समजुतीच्या सुरात, "इथे काय कमी आहे तुला?" विचारतोय. इतका संताप आला मला! मुख्य म्हणजे तो ओरडत नव्हता. तेच सहन होईना.

ती: तू पण ओरडत नाहीस.

तो: तेच सांगतोय.

ती: मग काय म्हणाली तुझी नावाडीण?

तो: खेळ तिथेच थांबला. येत्या रविवारी तिने उत्तर द्यायचं. आठवडाभर मला चैन नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, पाना हातात, आणि डोक्यात तेच. आज दुपारी म्हटलं, मोठ्याने बोलून तरी बघू. रुमाल बांधला. या खिडकीपासून त्या दारापर्यंत फेऱ्या मारत होतो. आणि तुझा फोन वाजला.

ती: वाजू द्यायचा.

तो: हात गेला. पलीकडून म्हणाले, "मॅडम, मोठ्या ऑफिसातून बोलतोय. आज उत्तर द्यायचं होतं. येताय ना?" आणि मी म्हटलं, येते.

ती: म्हणजे चार मित्र, एक रुमाल आणि एक खोटी होडी लागली तुला! मी तीन आठवडे खऱ्या तोंडाने हेच सांगतेय. याच टेबलाशी बसून. तेव्हा तुझ्या कानांत काय बोळे होते?

तो: …हो. लागली.

ती: आणि हे मोठ्या मनाने कबूल केलंस की झालं?

तो: नाही झालं.

ती: काल रात्री मी काय ठरवलं होतं, माहितीये? नाही म्हणणार होते. आज दुपारच्या सुट्टीत फोन करून नकार कळवणार होते, म्हणजे एकदाचा विषय संपेल. फोन विसरले नसते तर एव्हाना सांगून मोकळी झाले असते.

तो: माहीत होतं. काल तू घासलेली कढई परत घासलीस.

ती: मग माहीत असून हो म्हणालास?

तो: म्हणूनच म्हणालो असेन. मला नीट सांगता येत नाही.

ती: मी सांगते. नाही म्हणायला लावलंस तेही तूच, आणि हो म्हणालास तेही तूच. माझ्या नोकरीबद्दल, माझ्या जाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी तूच बोलतोयस. मी कुठे आहे यात? मला दाखव ना, मी कुठे आहे?

आई: बरोबर बोलतेय ती.

तो: आई…

आई: तू गप्प बस. आणि मी कुठे आहे, तेही सांगा मग! तीन आठवडे ऐकतेय, आईचा गुडघा, आईचा गुडघा. माझ्या गुडघ्याला कुणी विचारलं का? डबा लावता येतो, बाई ठेवता येते, शेजारीण दिवसातून दहादा डोकावतेच. दुपारी तुझा आवाज ऐकला ना, म्हणजे याचा, तेव्हा आत बसून थोडी रडले मी. मग डोळे पुसले आणि म्हटलं, बरं झालं, पोरीने एकदाचं तोंड उघडलं.

ती: पोरीने कुठे उघडलं, आई?

आई: हो ना. तिथेच तर सगळं अडलं.

ती: आणखी काय काय बोललास? एकूण एक सांग.

तो: फार नाही. ते म्हणाले, पहिले काही महिने वरून एक साहेब येतील, तुम्हाला काम समजावून देतील. मी म्हटलं, कशाला? लाइन कशी लावायची ते मला येतं. साहेबांना यायचं असेल तर शिकायला येऊ देत.

ती: असं म्हणालास?

तो: हो.

ती: मोठ्या ऑफिसाला?

तो: मग म्हणाले, "ठीक आहे, मॅडम." मग मी म्हटलं, राहायची खोली खिडकीवाली हवी.

ती: अरे देवा! मी असं जन्मात बोलले नसते.

तो: बोलतेस. मला बोलतेस. रोज घरी येऊन साहेबांबद्दल हेच तर सांगतेस. मी नवीन काही घातलं नाही, तुझंच होतं. नावाडीणसुद्धा तुझ्यासारखीच बोलते. चष्मेवाला परवा म्हणाला, हिला कुठेतरी भेटलोय मी. मी म्हटलं, छे.

ती: माझ्यासारखी बोलते?

तो: "मला दाखव ना" असं म्हणते. भांडताना.

ती: …आणि होडीतून उतरवलं ते कुणाला?

तो: आमच्यातल्या गणिताच्या मास्तरला. भर नदीत.

आई: बघ, हसली! हसली ती!

ती: मी हसले नाही, आई. माझा राग गेलेला नाही, आणि लवकर जाणारही नाही. हे तुम्ही दोघांनीही नीट ऐकून ठेवा.

तो: मी त्यांना फोन करून सांगतो. मॅडम नव्हत्या, मी होतो म्हणून. हसतील ते. हसू देत, मला सवय आहे.

ती: म्हणजे पुन्हा तूच बोलणार?

तो: मग काय करू?

ती: मला विचार.

तो: काय?

ती: तीन आठवड्यांत कुणी विचारलं नाही ते. तू सांगितलंस, समजावलंस, आज तर परस्पर कळवूनही टाकलंस. विचारलं नाहीस. आणि तो रुमाल सोड आधी. अजून मनगटालाच आहे तुझ्या.

तो: …गाठ घट्ट बसलीये.

ती: दे इकडे. हात सरळ धर. हं. आता विचार.

तो: तुला… तुला जायचंय?

आई: फोन वाजतोय गं.

तो: तेच असतील. कधी निघणार ते विचारायला संध्याकाळी परत करतो म्हणाले होते.

ती: तू हात लावू नकोस.

तो: नाही लावत. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर?

ती: ऐकायला येईलच. हॅलो? हो, नमस्कार. बोलतेय. …हो, मॅनेजरबाईंनी सांगितलं मला. …नाही, एक तारखेला नाही जमणार. आधी घरची सोय लावायची आहे, सासूबाईंसाठी कुणी मिळालं की मी तारीख कळवेन. …नाही, तुम्ही नका ठरवू, मीच कळवेन. …हो, खिडकी हवीच. आणि साहेबांबद्दल जे बोलणं झालं, तेही तसंच राहू दे. …काय म्हणालात? आवाज वेगळा वाटतो? …नाही नाही, सर्दी-बिर्दी काही नाही. …हो. दुपारीही मीच बोलत होते.