नर मिळाला नाही

मंडळी, आणि सय्यद मॅडमच्या घरची माणसं,

बोलणं जमेल असं वाटत नाही. म्हणून हातच्या कामापासून सुरू करतो. जंगलातला पाचोळा चाळायची चाळण मी केली. पत्र्याचं नरसाळं, त्यात टाकलेल्या पाचोळ्यातले किडे उजेडाला भिऊन खाली बाटलीत पडावेत म्हणून त्यावर बल्ब धरणारा कंस, स्पिरिटच्या बाटल्यांची सागवानी पेटी, हेही मीच केलं. कुठं शिकलो नाही. भवानीनगरच्या माझ्या वर्कशॉपात मोडून-जोडून केलं. वापरलं मॅडमनी.

मॅडम बारामतीत प्राणिशास्त्र शिकवायच्या. पावसाळ्यात घाटातल्या जंगलात गोमी आणि वाण्या, म्हणजे पैसा किडे, गोळा करायला जायच्या. गाडी मी चालवायचो. पहिल्या खेपेला मी म्हटलं, "मॅडम, किडा तो किडा. त्यात कसल्या जाती?"

"दत्तूभाऊ, तुमच्याकडं सगळे नट एकच हायत का?"

"न्हाय. आटे बघावे लागतात."

"मग हितं पाय बघा."

गोमेला अंगाच्या एका कड्याला पायांची एक जोडी, वाणीला दोन. इथवर कुणालाही कळतं. पण वाणीची नेमकी जात कळते नराच्या सातव्या कड्यावरून. तिथले पाय चालायचे नसतात, मीलनाचे असतात. प्रत्येक जातीत त्यांचा आकार वेगळा. मादीवरून बहुतेक वेळा सांगता येत नाही.

एका उतारावर, कुजक्या ओंडक्याखाली, आम्हाला दोन वाण्या मिळाल्या. काळ्या, कडेनं पिवळे ठिपके. दोन्ही माद्या. मॅडमनी पुन्हापुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "असली मी कधी बघितली न्हाय," म्हणाल्या.

"मग द्या की नाव."

"नर लागतो, भाऊ. ह्यांच्यातबी बाईला नाव नवऱ्यामुळंच."

स्वतःच हसल्या. मग आम्ही दर पावसाळ्यात गेलो. माद्या मिळाल्या, पिल्लं मिळाली. नर नाही. शेजारचे डोंगर पाहिले, तिथं ती वाणीच नव्हती. यंदा गेलो, तर उतारच नव्हता. बंगल्यांसाठी कापलेला. नुसती लाल माती. मॅडम गाडीतून उतरल्याच नाहीत. "चला," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या जंगलात गेल्या नाहीत. आता त्याच गेल्या.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, दुसरा कुणी शोधेल. कुठं शोधेल? बाटलीतल्या माद्यांना नाव मिळणार नाही. कधीच नाही. असल्या आणखी किती जाती त्या मातीत गेल्या, हे सांगणारं माणूसही आज गेलं. मी तुम्हाला धीर द्यायला उभा नाही. माझ्याकडं तो नाही.

आता मॅडमसाठी सगळ्यांनी उभं राहावं. पण शांत होण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. त्या बंगल्यांचे कठडे मी केले, असं आमच्याकडं लोणी देवकर गावात बोललं जातं. ते खोटं आहे. आम्ही कापलेला उतार बघून आल्यावर बंगलेवाल्यांनी मला विचारलं होतं, हे खरं. सगळे कठडे आणि सगळी गेटं. मी नको म्हटलं. मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं केलंत. पण करणारा मिळंलच की." मिळाला. काम उभं आहे. मी सोडलेली रक्कम होती सहा लाख चाळीस हजार रुपये.