जपलेला लांडगा

संग्रहालयात जिल्ह्यातून नामशेष झालेल्या प्राण्यांचं नवं दालन उघडणार होतं. पिशव्या जमा करायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे भाऊबहीण उभे होते. समोरच्या काचेच्या पेटीत त्यांच्याच घरून आलेला, पेंढा भरलेला लांडगा होता.

"दादा, पाटीवर आजोबांचं नाव आहे रे."

"असणारच. 'यांच्या सौजन्याने' असं लिहिलंय."

"'यांनी मारला' असं नाही लिहिलं?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की. लांडगा मारला म्हणून वनखात्यानेच बक्षीस दिलं होतं त्यांना. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची."

"ते तेव्हाचं धोरण होतं."

"आणि आज तुझा सत्कार कोण करतंय?"

"वनखातं. हे आताचं धोरण आहे."

"हा आपल्याकडचा शेवटचा लांडगा होता, हे आजोबांना ठाऊक होतं?"

"कुठलं ठाऊक असायला? पुढे कितीतरी वर्षं बंदूक घेऊन रानोमाळ हिंडत होते बिचारे. दुसरा दिसलाच नाही."

"डावा कान मात्र तू मोडलायस हं. घोडा घोडा खेळताना."

"तो संग्रहालयवाल्यांनी नवीन बसवलाय. आता तो विषय काढू नकोस."

"बरं, नाही काढत. सत्काराला उत्तर देताना काय बोलणार आहेस?"

"जे खरं आहे तेच. आमच्या तीन पिढ्यांनी या लांडग्याला जिवापाड जपलं."

"कुणापासून?"

"कसरीपासून. आईने डांबरगोळ्या काय थोड्या घातल्या?"