एकटा उंदीर

बायको गेल्याचा फोन हॉस्पिटलातून आला, त्या दुपारपासून फोन वाजला की तात्या दचकत. आज दातांच्या दवाखान्यात बसले असतानाही दचकले. थोरल्या बहिणीचा होता. ती "माझ्याकडे राहायला ये" म्हणणार, म्हणून त्यांनी उचलला नाही.

शेजारी दोघी जावा बोलत होत्या. धाकटी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे साफ करायची.

"काय म्हणतात गं तुझे उंदीर?"

"गंमतच आहे, जाऊबाई. आधी घंटी वाजवून विजेचा झटका द्यायचे सगळ्यांना. आता चौघं एकत्र ठेवलेत, ते नुसती घंटी वाजली की दचकतात आणि लगेच खायला लागतात. एकटा ठेवलेला मात्र घंटी थांबली तरी कोपऱ्यात थिजलेला."

"चार शब्द बोलायचेस त्याच्याशी."

"सर ओरडतात, प्रयोग बिघडतो म्हणे. काल एकटं ठेवायचा भाग संपला एकदाचा, तसा त्याला जोडीदार दिला."

"भांडले असतील."

"कचाकचा! म्हटलं, एकाचा कान जाणार. सकाळी बघते, तर एकमेकांवर तंगड्या टाकून झोपलेत."

"आणि घंटी?"

"वाजली की. दचकला, जोडीदाराला हुंगलं, आणि बसला खात."

"आपल्यासारखंच मग. घरभर भांडायचं आणि दात दाखवायला जोडीनं यायचं."

तात्या मोठ्यानं हसले.

"हसताय काय, काका?" धाकटी म्हणाली. "खरं सांगतेय."

"खरंच असणार, बाई. माझी बहीणसुद्धा फार भांडते."

त्यांनी खिशातून फोन काढला. तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. बहिणीला फोन करायचा तेवढा राहिला.